हाली सिक्क्याच्या नोटा

आज श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच रुपया चालतो. दुकानदार नोट हातात घेतो, पण ती कोणत्या प्रांतातली आहे असे विचारत नाही. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा रुपया निराळा होता. लोक त्याला 'हाली' म्हणत. इंग्रज सरकारच्या रुपयाला 'कलदार' म्हणत.

हे शब्द तुम्हाला घरचेच वाटतील. 'हाल' म्हणजे चालू काळ. हाली सिक्का म्हणजे सध्या चालणारे नाणे. मराठीतला 'हल्ली' हा शब्दही तेथूनच आला आहे. 'कल' म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला रुपया तो कलदार. पुढे हाली रुपयाही यंत्रावरच पाडला जाऊ लागला, पण कलदार हे नाव मात्र इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिले.

सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये द्यावे लागत. म्हणजे शंभर कलदार रुपये हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावी लागे. (एका रुपयाचे सोळा आणे आणि एका आण्याच्या बारा पै. हिशेब करून पाहा!) औरंगाबादहून मनमाडला गाडीने जाणारा माणूस एका संस्थानातून इंग्रजी मुलखात जात असे. त्याच्या खिशातल्या हाली रुपयाची किंमत वाटेतच बदलत असे.

सुरुवातीला हाली सिक्का म्हणजे धातूची नाणीच होती. पहिल्या महायुद्धात चांदीची फार टंचाई झाली. तेव्हा १९१८ मध्ये हैदराबाद सरकारने कायदा करून दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा काढल्या. १९१९ मध्ये एक आणि पाच रुपयांच्या, तर १९२६ मध्ये हजाराची नोट निघाली. या चलनाला 'उस्मानिया सिक्का' असे नाव होते. काश्मीरनेही १८७७ मध्ये नोटा काढल्या होत्या, पण त्या फार दिवस चालल्या नाहीत. हैदराबादच्या नोटा तीस वर्षांहून अधिक काळ चालल्या. त्या आधी इंग्लंडमधील वॉटरलो कंपनीत छापल्या जात. नाशिकला सरकारी छापखाना झाल्यावर त्या तेथे छापल्या जाऊ लागल्या.

अशा वेगवेगळ्या चलनांचा प्रकार फक्त आपल्याकडे होता असे नाही. चीनमध्ये तर तो फारच वाढला होता. तेथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक प्रांतांच्या आणि बँकांच्या स्वतंत्र नोटा होत्या. पुष्कळ नोटांवर शहराचे नाव छापलेले असे. एका शहराची नोट दुसऱ्या शहरात दिली तर बट्टा लागत असे. १९३५ मध्ये चीनच्या सरकारने मोजक्या मोठ्या बँकांच्याच नोटा अधिकृत ठरवल्या. चिनी नोटा जमवणारे लोक आजही शहरांची नावे शोधत बसतात. हाली नोट हातात आली तर मात्र भाषा, साल आणि सही पाहावी.

आधी भाषा. नोटेवरचा मुख्य मजकूर उर्दूत असे. शिवाय तिची किंमत मराठी, तेलुगू आणि कन्नड या भाषांतही लिहिलेली असे, कारण संस्थानात या तिन्ही भाषा बोलणारे लोक राहत होते. परदेशातला संग्राहक ती नोट हजारो रुपये देऊन विकत घेईल, पण वाचून घेण्यासाठी त्याला कोणाला तरी विचारावे लागेल. तुम्हाला तिचा उर्दू मजकूरही वाचता येईल आणि मराठीही.

साल वाचताना मात्र घाई करू नये. हाली नाण्यांवर हिजरी सन असतो, तर नोटांवर फसली सन. 'फसल' म्हणजे पीक. शेतसाऱ्याच्या सोयीसाठी हा सन सुरू झाला. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. समजा, नोटेवर १३२७ आहे. १३२७ अधिक ५९० म्हणजे १९१७. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने ती नोट १९१७-१८ ची. हाच आकडा नाण्यावर असता, तर हिजरीप्रमाणे ते नाणे १९०९ च्या सुमाराचे ठरले असते. नाण्यावर आणखी एक गंमत असते. चारमिनारच्या कमानीत एक बारीक अक्षर दिसते. 'मीम' असेल तर नाणे महबूब अली खान यांच्या काळातले आणि 'ऐन' असेल तर उस्मान अली खान यांच्या काळातले.

सहीवरून नोटेचा काळ आणखी नेमका कळतो. नोटेवर संस्थानाच्या अर्थखात्याच्या प्रमुखाची सही असे. 'हैदर नवाज जंग' ही सही सर अकबर हैदरी यांची आहे. गुलाम मुहंमद यांची सही असेल तर नोट १९४० नंतरची. हेच गुलाम मुहंमद १९५१ मध्ये पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. डॉ. मेलकोटे यांची सही असेल तर नोट हैदराबाद भारतात सामील झाल्यानंतरची. म्हणजे १९४८ मध्ये संस्थान गेले, तरी हाली नोटा काही वर्षे चालूच होत्या. १९५० पासून भारतीय रुपया त्यांच्या जोडीला आला आणि त्याच दशकात हाली चलन मागे घेण्यात आले. लोकांनी नोटा बदलून घेतल्या. ज्या राहिल्या, त्या कोणाच्या वहीत, कोणाच्या ट्रंकेत, विसरल्या म्हणूनच राहिल्या.

अशी नोट घरात सापडली तर तिला चिकटपट्टी लावू नका, टाचणी टोचू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. नोटेला इस्त्रीही करू नये, घडी दिसली तरी चालते. कोरड्या हातांनी कडा धरून ती स्वच्छ पाकिटात ठेवा. नोट कोणाची होती, कोणत्या गावची आणि ती का जपून ठेवली होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ते सांगतील ते वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद पाकिटाबरोबर ठेवा. नोटेवर मात्र पेन्सिलनेसुद्धा काही लिहू नका.