स्टिअरिंगचा दिवा काय सांगतो?

अमरावती आणि अकोला यांना जोडणारा महामार्ग २०२२ च्या जून महिन्यात देशभर गाजला. लोणी ते मूर्तिजापूर या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीच्या एका पदराचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पार पडले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. अशा सपाट, सरळ रस्त्यावर गाडीचे स्टिअरिंग एका बोटाने धरले तरी चालेल असे वाटते.

समजा, अशा वेळी समोरच्या पट्टीवर स्टिअरिंगच्या चाकाचे छोटे चित्र आणि त्याच्याजवळ उद्‌गारचिन्ह उजळले. चालक स्टिअरिंग जरासे हलवून पाहतो. विशेष फरक जाणवत नाही. ‘दिव्यातच काही बिघाड असेल’ असे म्हणून तो पुढे जातो. मूर्तिजापूर गावात वळण्यासाठी वेग कमी करतो, आणि तेथे स्टिअरिंग एकाएकी दगडासारखे जड लागते. गाडी निम्मीच वळते. समोरून सायकलवाला येत असतो.

दिव्याने सांगितले ते खरे होते आणि महामार्गावर हाताला जाणवले तेही खरे होते. हे कसे, ते पाहू.

सायकलवरचा प्रयोग

एका विद्यार्थ्याला सायकलवर बसवा, दुसऱ्याला मागून सायकल धरायला सांगा. सायकल जागच्या जागी उभी ठेवून हँडल डावी-उजवीकडे फिरवायला लावा. मग सायकल हळूहळू ढकलत तेच करा. उभ्या सायकलचे हँडल जड लागते, चालत्या सायकलचे हलके.

कारण घर्षणात आहे. चाक उभे असताना हँडल फिरवले की टायरचा जमिनीला टेकलेला भाग तेथेच घासला जातो. चाक फिरत असताना टायरचा नवा नवा भाग जमिनीवर येतो आणि तो नव्या दिशेनेच टेकतो. मोटारीत हा फरक फार मोठा असतो. हजार किलो वजनाच्या लहान गाडीत साधारण सहाशे किलो भार पुढच्या दोन चाकांवरच येतो. म्हणून मदतीची सर्वाधिक गरज गाडी उभी असताना किंवा अगदी हळू वळताना लागते, आणि वेगात ती सर्वांत कमी लागते. महामार्गावर गेलेली मदत गावाच्या वळणावर लक्षात येते ती यामुळेच.

मदत येते कोठून?

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग गाडीला बसवून दाखवले. विक्रीच्या मोटारीत ते प्रथम आले १९५१ साली, क्रायस्लर कंपनीच्या इम्पीरियल गाडीत. यात इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. चालकाने स्टिअरिंग फिरवले की एक झडप उघडते आणि दाबाखालचे तेल दट्ट्याला योग्य बाजूने ढकलते. दोन इंजेक्शनच्या नळ्या रबरी नळीने जोडून आपण वर्गात पास्कलचा नियम दाखवतो. मोठ्या दट्ट्याचा व्यास दुप्पट असेल तर बल चौपट मिळते. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. त्या प्रयोगात सारे काम आपला हात करतो. येथे हात फक्त झडप उघडतो, काम इंजिन करते.

आजच्या बहुतेक लहान गाड्यांत तेलाऐवजी विजेची मोटर असते. अशी व्यवस्था १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत आली. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक लवचीक सळई असते. हाताच्या जोराने तिला किंचित पीळ बसतो. किती पीळ बसला हे सेन्सर मोजतो, छोटा संगणक त्यात गाडीचा वेग लक्षात घेतो आणि मोटरला हवी तेवढी वीज देतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दोन काठ्यांमध्ये बांधून एक काठी फिरवली, तर पिळावरून जोर कसा ओळखता येतो हे मुलांना सहज दिसेल.

आता महत्त्वाची गोष्ट. या दोन्ही प्रकारांत स्टिअरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंत धातूची सलग जोडणी असते. पंप किंवा मोटर फक्त तिला हातभार लावते. (अगदी मोजक्या नव्या गाड्यांत ही जोडणी नसते; त्यांची व्यवस्था निराळी आहे.) म्हणजे दिवा लागला याचा अर्थ स्टिअरिंग तुटले असा नव्हे. मदतनीस रजेवर गेला, एवढाच त्याचा अर्थ. गाडी अजूनही वळते. जोर मात्र आपला लावावा लागतो. हे ज्याला ठाऊक नसते तो ‘स्टिअरिंग अडकले’ असे समजून घाबरतो आणि नेमका जोर लावायच्या क्षणी हात ढिले सोडतो.

दिवा लागला तर

किल्ली फिरवताच हा दिवा क्षणभर लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. ती त्याची स्वतःची तपासणी असते. चालत्या गाडीत तो लागला तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, वेग हळूहळू कमी करावा, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवावे आणि डाव्या कडेला सुरक्षित जागी थांबावे. थांबेपर्यंत इंजिन बंद करू नये.

थांबल्यावर इंजिन बंद करून मिनिटभराने पुन्हा सुरू करावे. दिवा गेला आणि स्टिअरिंग हलके झाले, तर बिघाड तात्पुरता होता; तरीही गॅरेजमध्ये तपासून घ्यावे, कारण संगणकात त्याची खूण राहिलेली असू शकते. विजेच्या प्रकारात बॅटरी अशक्त असणे किंवा तिची टोके सैल असणे ही नेहमीची कारणे. तेलाच्या प्रकारात तेलाची पातळी आणि गळती पाहावी. स्टिअरिंगच्या जडपणाबरोबर बॅटरीचा दिवाही लागला, तर इंजिनाचा पट्टा तुटला असण्याचा संभव असतो. पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या उन्हात अशी गाडी तशीच पुढे नेली तर इंजिन तापून निकामी होईल.

दिवा पिवळा असेल आणि स्टिअरिंग जड पण नीट वळत असेल, तर हळू जाऊन जवळचे गॅरेज गाठता येते. दिवा लाल असेल, स्टिअरिंग अडकत असेल, सैल लागत असेल किंवा आपोआप एका बाजूला ओढत असेल, तर गाडी पुढे नेऊ नये. आणि दिवा न लागताच स्टिअरिंग जड झाले, तर आधी पुढच्या टायरांतील हवा पाहावी.

उतारावर इंजिन बंद करणे

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी घरंगळत नेण्याची सवय काहींना असते. इंजिन थांबले की स्टिअरिंगची मदत जाते. ब्रेकची मदतही एक-दोनदा पाय दाबेपर्यंतच पुरते. किल्ली काढली तर स्टिअरिंगला कुलूपच बसू शकते. म्हणजे वळणांच्या घाटात, जिथे तिन्हींची गरज, तिथेच ती आपण हाताने काढून टाकतो.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत किल्लीचा खटका चालत्या गाडीत आपोआप मागे सरकत असे. इंजिन बंद पडून स्टिअरिंग आणि ब्रेक जड होत, अपघातात एअरबॅग उघडत नसत. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत मागवल्या गेल्या. नुकसानभरपाई देताना १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचे मान्य करण्यात आले.

शाळेच्या आवारात एखादी गाडी उभी असेल तर हँडब्रेक लावून शिक्षकांनी एक पाठ तेथेच घ्यावा. किल्ली फिरवल्यावर कोणते दिवे लागतात, इंजिन सुरू झाल्यावर कोणते विझतात, याची यादी मुलांनी करावी. मग इंजिन बंद करून, पण किल्ली न काढता, मोठ्या विद्यार्थ्यांनी स्टिअरिंग थोडेसे फिरवून पाहावे. तो जडपणा हाताला एकदा ओळखीचा झाला, की पुढे कधी रस्त्यावर तो अचानक जाणवला तरी हात सुटणार नाहीत.