आधी माणूस, मग सामान

स्मरणिकेसाठी लेख हवा असा संपादकांचा दूरध्वनी आला, की बालरोगतज्ज्ञाने लसीकरणावर किंवा मुलांच्या आहारावर लिहावे, असा आपल्या मंडळातला अलिखित संकेत आहे. यंदा मी तो मोडतो आहे. विषय आहे मोटरसायकलवर सामान कसे बांधावे, हा. आम्हां चार डॉक्टरांचा एक जथा गेली कित्येक वर्षे पाऊस ओसरला की बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट या वाटेने गोव्यात उतरतो आणि त्यापायी घरून बरेच काही ऐकून घेतो, हे मंडळातल्या अनेकांना ठाऊक आहे. परंतु हा विषय मनात घर करून बसला तो सहलींमुळे नव्हे. तो बसला एका सहा वर्षांच्या मुलीच्या टाचेमुळे.

गणपतीचे दिवस होते. वडील मुलीला मोटरसायकलवर मागे बसवून खानापूरकडच्या गावी निघाले होते. आई दुसऱ्या दिवशी बसने येणार होती. मुलीच्या मागे कपड्यांची बॅग आडवी बांधलेली, आणि एका बाजूला बाजारहाटाची जड पिशवी अशी अडकवलेली, की तिच्याखाली मागचे पायदान मिटूनच गेले होते. निघताना आईने बजावले होते, "पिशवी सांभाळ हं." पोर आज्ञाधारक, तिने दोन्ही हातांनी पिशवी धरली. खड्ड्यात गाडी उसळली, पिशवी आत ढकलली गेली, तिच्याबरोबर मुलीचा पायही, आणि टाच मागच्या चाकाच्या आऱ्यांत सापडली.

माझ्याकडे आणली तेव्हा टाचेवर ओरखडा आणि थोडी सूज एवढेच दिसत होते. क्ष-किरण चित्र निर्दोष होते. जखम धुतली, पट्टी बांधली, दोन दिवसांनी दाखवा म्हटले आणि घरी पाठवले. सणाची गडबड, मंडळी पाचव्या दिवशी आली. पट्टी सोडली तर टाचेमागची कातडी काळी पडलेली. पुढे प्लास्टिक सर्जन सहकाऱ्याने मृत त्वचा काढली, कलम केले, आणि मुलगी चालू लागेपर्यंत कित्येक आठवडे गेले. चाकाचे आरे पायाला केवळ कापत नाहीत. ते चिरडतात आणि त्वचेला खालच्या थरापासून सोलवटून वेगळी करतात. रक्तपुरवठा तुटलेली ती त्वचा पहिल्या दिवशी जिवंतच दिसते. आपल्यापैकी तरुण डॉक्टरांना म्हणून सांगतो : चाकात सापडलेला पाय किरकोळ दिसला तरी आठवडाभर वरचेवर उघडून पाहावा, आणि अकिलीस टेंडन शाबूत आहे ना याची पहिल्याच दिवशी खात्री करावी. 'दोन दिवसांनी दाखवा' हे शब्द मी त्या दिवशी फार सहज उच्चारले होते.

नंतर मी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चाळले. त्यांतला १२३ वा नियम मागच्या स्वाराविषयी आहे आणि तो वाचून मी थबकलो. नियम तीन गोष्टी मागतो : हाताला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला पायदान, आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारे आवरण. याच आवरणाला आपण साडीगार्ड म्हणतो. आता आपल्या रस्त्यांवरची सामानाने लादलेली कोणतीही मोटरसायकल आठवून पाहा. मागची दांडी बॅगेने झाकलेली असते, पायदान पिशवीने अडवलेले असते, आणि साडीगार्ड गाडी 'रुबाबदार' दिसावी म्हणून चिरंजीवांनी आधीच काढून टाकलेले असते. कायद्याने माणसाला दिलेल्या नेमक्या या तीन जागा सामान बळकावते. कारण साधे आहे. आपण आधी सामान बांधतो आणि उरलेल्या जागेत माणूस कोंबतो. हा क्रम उलटा हवा. ज्याला मागे बसायचे आहे त्याला आधी बसवावे, त्याचे हात-पाय कोठे येतात ते पाहावे, त्याला उतरवावे आणि मग उरलेल्या जागेतच सामान बांधावे. मावले नाही तर ते बसने जावे. याच नियमात २०२० साली हलक्या पेटीविषयी जी भर पडली, तीही हेच सांगते : पेटी मागच्या स्वाराच्या जागी बसवली असेल, तर मागे स्वार बसवता येत नाही.

सामान किती नेले यापेक्षा ते कोठे ठेवले याला अधिक महत्त्व आहे. जड वस्तू खाली, दोन्ही बाजूंना सारख्या आणि शक्य तितक्या पुढे, म्हणजे चालकाच्या जवळ. मागच्या चाकाच्या आसामागे लोंबणारे वजन तरफेसारखे पुढचे चाक हलके करते; मग हँडल डुलू लागते, आणि चालकाला वाटते रस्ताच वाईट आहे. ही गोष्ट आपल्या पूर्वजांना नवी नव्हती. खांद्यावरची पडशी किंवा बैलाच्या पाठीवरची गोणी पाहा; दोन्ही बाजूंना समतोल आणि मध्यभागी पाठ मोकळी. आज बाजारात मिळणारी सॅडल बॅग ही पडशीचीच नात. सर्वांत उत्तम गुरू मात्र पहाटे खेड्यांतून शहरात येणारा गवळी. त्याची लोखंडी चौकट गाडीच्या सांगाड्याला नटबोल्टने जखडलेली असते, कॅन दोन्ही अंगांना खाली टांगलेले असतात, आणि एका बाजूचे दूध विकले गेले की तो दुसऱ्या बाजूचे त्यात ओतून तोल सारखा करतो. एका गवळ्यानेच मला सांगितले की पूर्ण भरलेल्या कॅनपेक्षा अर्धा भरलेला कॅन जास्त त्रास देतो, कारण आतले दूध वळणावर आपल्या मर्जीने धावते. पाण्याचे मोठे कॅन घेऊन सहलीला निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता बांधण्याविषयी. आपल्याकडे दोन्ही टोकांना हुक असलेली रबरी दोरी, जिला मुले बंजी म्हणतात, ती सर्रास वापरतात. त्याआधी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या असत. दोन्हींचा गुण तोच त्यांचा दोष : त्या ताणल्या जातात. खड्ड्यात बॅग उसळली की दोरी लांबते, बॅग थोडी सरकते, आणि दोरी तिला सरकलेल्या जागीच पुन्हा घट्ट धरते. दहा खड्ड्यांनंतर बॅग कुठल्या कुठे गेलेली असते. शिवाय ताणलेला हुक निसटला, तर तो बांधणाऱ्याच्या तोंडावर येतो. या हुकांनी झालेल्या डोळ्यांच्या गंभीर इजा नेत्रवैद्यकात सुपरिचित आहेत. आमच्याच जथ्यातल्या एका भूलतज्ज्ञाचा डोळा एकदा केवळ चष्म्यामुळे वाचला; काचेला तडा गेला आणि सहल तेथेच संपली. म्हणून बंजी असलीच तर ती वरवरचा रेनकोट धरायला असावी. बॅगेसाठी न ताणणारी, बक्कल असलेली विणीव पट्टी वापरावी. ती सांगाड्याला किंवा मागच्या दांडीला चार ठिकाणी बांधावी. इंडिकेटर अथवा नंबरप्लेट ही बांधण्याची जागा नव्हे. पट्टीची मोकळी टोके गुंडाळून आत खोचावीत. चाकात किंवा चेनमध्ये गेलेली पट्टी आणि चाकात गेलेली ओढणी यांत यंत्राच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. बॅग सायलेन्सरला टेकत नाही ना, हेही वाकून पाहावे. नायलॉन वितळते, आणि तोच सायलेन्सर मुलांच्या पोटऱ्या भाजतो हे आपण ओपीडीत पाहतोच.

बांधून झाले की बॅग दोन्ही हातांनी धरून जोराने हलवावी. बॅगेबरोबर अख्खी गाडी हलली पाहिजे. नुसती बॅगच हलली तर बांधणी फसली. आणि एवढ्यावर थांबू नये. कपडे दबतात, पट्ट्या सैल होतात; पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर उतरून पुन्हा ओढून पाहावे. हे मी केले नव्हते. २०११ च्या ऑक्टोबरात, जांबोटीच्या पुढे, गाडीच्या मागून येणारा घासल्यासारखा आवाज मी दोन-तीन वळणे दुर्लक्षिला. थांबून पाहतो तो बॅग एका कुशीवर कललेली, आणि तिची पट्टी चेनपासून बोटभर अंतरावर. घाट अजून उतरायचा होता. चाक अडकले असते तर काय झाले असते याचे चित्र मी घरी कधी सांगितले नाही. आज छापून येते आहे.

ज्यांना हे सारे अतिदक्षतेचे वाटते, त्यांच्यासाठी एक साधे गणित. ताशी ६० किलोमीटरने जाणारी वस्तू अचानक थांबवणे म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून पडलेली तीच वस्तू झेलणे. चार मजल्यांवरून टाकलेली, घट्ट बांधलेली कुंद्याची पेटी झेलायला आपण कोणी उभे राहणार नाही. पाठीवरच्या पिशवीतही म्हणूनच कपडे असावेत. कुलूप, हत्यारे, कॅमेरा अशा कठीण वस्तू पडताना पाठीच्या कण्याखाली येतात. त्यांची जागा खालच्या बॅगेत.

लहान मुले बरोबर असतील तर गोष्ट आणखी बदलते. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा आणि हेल्मेट आवश्यक आहे, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. या पट्ट्याचे बंद चालकाच्या खांद्यांवरून जातात. म्हणजे चालकाची पाठ मुलाची झाली. तेथे पिशवी येऊ शकत नाही. टाकीवर बॅग, बॅगेवर मूल, ही आपली आवडती रचनाही सोडून द्यावी. ब्रेक लागताच मूल हँडलवर आदळते, आणि हँडलचे टोक पोटात बसून झालेली स्वादुपिंडाची वा आतड्याची इजा बाहेरून एका लहानशा वळाएवढीच दिसते.

उरलेल्या बाबी थोडक्यात. लादलेल्या गाडीच्या टायरमधील हवा किती असावी हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा असतो. मागे वजन वाढले की समोरच्या दिव्याचा झोत वर उठतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. मागचा लाल दिवा बॅगेखाली झाकलेला नसावा. पावसाळ्यात बॅगेवर आवरण घालण्यापेक्षा कपडे आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरावेत. इन्शुलिन इंजिनाच्या धगीपासून दूर, आणि प्रथमोपचाराची पेटी सर्वांत वर. आम्ही चार डॉक्टर एकदा बँडेजसाठी रस्त्याच्या कडेला अख्खी बॅग उपसत बसलो होतो.

हल्ली आमचा जथा कणकुंबीला हमखास थांबतो. मलप्रभेचे उगमस्थान, देवीचे देऊळ आणि चहा ही तीन सबळ कारणे आहेतच. चहा येईपर्यंत प्रत्येकाने शेजाऱ्याची बॅग हलवून पाहायची, स्वतःची नाही, असा आमचा नियम आहे. एकाची तरी पट्टी हटकून सैल निघते आणि चहाचे पैसे त्याने द्यायचे असतात. बहुधा ते मीच देतो.