श्रमजन्य हृद्‌शूल आणि प्राणवायूचा जमाखर्च

संयुक्त अरब अमिरातींत 15 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन या वेळात भर उन्हात मजुरी करून घेण्यास सरकारची मनाई असते, आणि हा हुकूम हृदयाच्या दृष्टीनेही उचितच होय. कारण अंगमेहनत करणाऱ्या स्नायूंस रक्त पुरवीत असतानाच, शरीर थंड राखण्यासाठी त्वचेकडेही ते लोटण्याचे काम हृदयास एकाच वेळी करावे लागते, आणि ज्याच्या हृद्‌रोहिणी अरुंद झाल्या आहेत, त्याच्या छातीवर मग असे दडपण येते की काम थांबविल्याखेरीज ते ओसरत नाही. 1768 साली लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी वर्णिलेला हृद्‌शूल तो हाच. 52 देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांस हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी, इतरांस सुमारे 59 व्या वर्षी आल्याचे आढळले. तेव्हा दुबई-शारजात चाकरीस असलेल्या मराठी गृहस्थाने या व्याधीस म्हातारपणाची बाब समजू नये.

नेहमीची औषधे हृदयाचा वेग मंदावतात किंवा रक्तवाहिन्या रुंदावतात. ट्रायमेटाझिडिन या औषधाचा मार्ग मात्र निराळा, आणि मला तो विलक्षण सुंदर वाटतो. हृदय आपली बहुतांश ऊर्जा मेदाम्लांच्या ज्वलनातून मिळवते. परंतु तितक्याच प्राणवायूत ग्लुकोज जाळल्यास ऊर्जा सुमारे दहा टक्के अधिक पदरात पडते, आणि निरोगी माणसास नगण्य वाटणारी ही शिल्लक, जेथे पुरवठाच तुटपुंजा आहे तेथे मोलाची ठरते. मेदाम्लांच्या विघटनातील शेवटच्या पायरीचे एक विकर हे औषध अंशतः रोखते, त्यामुळे हृदयपेशी ग्लुकोजकडे वळते. नाडी वा रक्तदाब यांत फारसा फरक पडत नाही.

तथापि दुखणे हटणे निराळे आणि आयुष्य वाढणे निराळे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एटीपीसीआय’ चाचणीत, हृद्‌रोहिणी फुग्याने उघडलेल्या 6007 रुग्णांस या औषधाने पुढील आपत्तींपासून संरक्षण लाभल्याचे दिसले नाही. युरोपीय औषध संस्थेने 2012 मध्येच ते केवळ इतर औषधांच्या जोडीला द्यावे, असे ठरविले, आणि कंपवात व तीव्र मूत्रपिंडविकार असलेल्यांस ते वर्ज्य केले. मधुमेहाने मूत्रपिंडे थकलेल्या माणसाने सुटीवरून परतताना गावच्या दुकानातून या गोळ्यांच्या पट्ट्या आणून परस्पर घेणे म्हणूनच धोक्याचे. आणि विश्रांतीतही न थांबणारी कळ उठली, तर गोळी शोधीत न बसता अमिरातींत 998 वर रुग्णवाहिका बोलवावी.