घोणस, पऱ्हाटी आणि बारावीचं बायोलॉजी

'लिपिड म्हणजे काय?' असं विचारलं, की आपल्यातले बहुतेक जण 'तेल, तूप, कोलेस्टेरॉल' म्हणून मोकळे होतात. पेपरात दोन मार्क मिळाले की विषय संपला! पण झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनसारख्या भागात, जिथे पऱ्हाटीत वाकून कापूस वेचायचा असतो आणि रात्री ओलितासाठी शेतात जावं लागतं, तिथे हा विषय थेट जिवाशी येतो. कारण सापाच्या विषातलं एक मोठं हत्यार लिपिडवरच चालतं.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती फॉस्फोलिपिडचं दुपदरी आवरण असतं. त्याच्या एकेका रेणूला दोन शेपट्या असतात. 'फॉस्फोलायपेज ए-२' हे एन्झाइम त्यातली एक शेपटी कापतं. गंमत म्हणजे हे एन्झाइम आपल्याही शरीरात आहे. जेवणातलं फॉस्फोलिपिड पचवायला स्वादुपिंड ते सोडतं. पेशीला इजा झाली, की तिच्या आतलं असंच एन्झाइम आवरणातून अरॅकिडोनिक आम्ल सुटं करतं आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनतं. दुखणं, सूज, ताप हे त्याचेच निरोप. अॅस्पिरिन या निरोपाची पुढची पायरी अडवतं, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

मग विष वेगळं कुठे ठरतं? फरक आहे लगामाचा. आपली पेशी कॅल्शियमच्या इशाऱ्यावर हे एन्झाइम चालू-बंद करते. सापाचं एन्झाइम कुणाचंच ऐकत नाही. ते स्वतः खर्चही होत नाही. एक रेणू कापला की पुढचा. कापलेला उरलेला भाग साबणासारखा वागतो आणि आवरणाला भोकं पाडतो. घोणशीच्या विषात याच्या जोडीला रक्त गोठवण्याची यंत्रणाच संपवणारी एन्झाइम्स असतात. मण्यारीचा प्रकार आणखी फसवा. तिचा दंश फारसा दुखत नाही, पण तिच्या विषातला याच कुळातला एक घटक मज्जातंतूंची टोकं निकामी करतो. पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो.

आता कामाची गोष्ट. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारं प्रतिविष आपल्याकडे मिळतं. मुंबईची हाफकिनही ते बनवते. पण प्रतिविष फक्त मोकळ्या फिरणाऱ्या विषाला धरतं. कापलं गेलेलं लिपिड ते पुन्हा जोडत नाही. म्हणूनच मांत्रिकाकडे गेलेला एक तास हा नुसता उशीर नसतो. त्या तासात एन्झाइमचं काम चालूच असतं.

त्यामुळे चीर देऊ नका, करकचून बांधू नका, अॅस्पिरिन तर नकोच. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. अंगठी-कडं काढा, हातपाय हलू देऊ नका आणि सरळ दवाखाना गाठा. तिथे डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं स्थिर ठेवतात. गोठलं नाही, तर प्रतिविष लगेच सुरू होतं.

सुट्टीत घरी गेलात, की वेचणीला निघालेल्या आईला गमबूट घालायला लावा, बाबांच्या हातात टॉर्च द्या आणि जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी मच्छरदाणी लावा. दोन मार्कांचा धडा इथेच खरा कामी येतो.