खारट पाण्यातील लाल शेवाळ

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. मीठ पेशीतले पाणी बाहेर ओढते. मग जिथले पाणी समुद्राच्या सातआठपट खारट, तिथे एखादा जीव टिकावा कसा?

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, माँपेलिएजवळ, खाजणे व मिठागरे आहेत. उन्हाने आटू लागले की तिथले पाणी लाल दिसते. काहींनी त्याचे खापर एका चिमुकल्या कोळंबीवर फोडले होते. १८३८ साली दुनाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो रंग निघाला एकपेशीय शेवाळाचा. कोळंबी बिचारी तेच खाऊन लाल झालेली! १९०५ मध्ये तेओदोरेस्कूने त्या शेवाळाला ‘दुनालिएला’ हे नाव दिले.

या पेशीला कठीण भिंत नाही. बाहेर मीठ वाढले की ती आत ग्लिसरीन तयार करते; आपण हिवाळ्यात फुटल्या ओठांना लावतो तेच. त्याच्या बळावर ती आतले पाणी धरून ठेवते. पावसाने खारटपणा उतरला की ग्लिसरीनही कमी करते. आणि लाली? ती गाजरातल्या कॅरोटीनची, प्रखर उन्हापुढे धरलेली जणू छत्री. पश्चिम ऑस्ट्रेलियातील हट लगून या खाजणाकाठी तर त्या कॅरोटीनसाठी दुनालिएलाची शेतीच करतात.