फटी बुजविताना

बडोद्याच्या रावपुऱ्यातील दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा भित्तिचित्रांसाठी विख्यात आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील लाकडी बांधणीचाही तो उत्तम नमुना होय. आपल्या पूर्वजांनी येथे बांधलेल्या अशाच घरांत खांब-तुळया आणि विटांची भिंत यांमध्ये फटी पडतात, आणि मजबुतीच्या समजुतीने आपण त्या सिमेंटने बुजवितो.

येथेच घात होतो. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ताठर सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही. कडेने बारीक भेग पडते, तीतून पाणी शिरते, पण सिमेंटमुळे सहजी वाळत नाही. बाहेरून धडधाकट दिसणारा खांब आतून कुजतो. अमेरिकेतील ओंडक्यांच्या घरांतही फटी पूर्वी माती-चुन्याने भरीत. आता तेथे ताणले जाणारे भरण वापरतात. तत्त्व एकच : भरण लाकडाशी जुळवून घेणारे हवे.

यास्तव पावसाळा सरून लाकूड वाळल्यावर प्रथम वाळवी तपासावी. रुंद फटीत लाकडी पट्टी बसवून, विरविलेला चुना १ भाग व वाळू ३ भाग हे मिश्रण भरावे आणि काही दिवस ओलसर राखावे. चुन्याला पुन्हा तडा गेल्यास तो खरवडून नव्याने भरता येतो. कुजलेला खांब मात्र पूर्ववत होत नाही.