सुलाची वाइन, घरचं ताट

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९०च्या दशकात सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या फ्रेंच वाणांच्या वेली लावल्या. त्यांच्या ‘सुला’ कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली.

आपल्या जेवणाशी सर्वांत छान जमते ती शेनिन ब्लां. तिच्यातला हलका गोडवा मिरचीची धार बोथट करतो, म्हणून मिसळ, भरली वांगी, कोळंबीचं कालवण, कशाहीसोबत ती निभावते. सोव्हिन्यों ब्लांला हिरव्या मिरचीसारखा, गवताळ वास असतो. कोथिंबीर वडी किंवा लिंबू पिळलेली तळलेली सुरमई तिच्यासाठीच असावी, इतकी जोडी जुळते. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ मात्र जपून निवडा. लाल वाइनमधलं टॅनिन तिखटाला आणखी भडकवतं. झणझणीत तांबड्या रश्श्याऐवजी खोबरं-कांद्याच्या वाटणातलं, बेताच्या तिखटाचं मटण करा.

पुरणपोळीसोबत गोड लेट हार्वेस्ट शेनिनच; पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट लागते. पांढरी ८ ते १० अंशांवर, लाल १६ ते १८ अंशांवर प्या. उन्हाळ्यात लालही थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवाच.